दिवाळीची सुट्टी आणि घरातला कुत्रा: विसर्जनापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

कुत्रा फटाक्यांना घाबरतो म्हणून डॉक्टरांना पहिला फोन बहुतेक घरांतून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता जातो. तेव्हा फारसं काही हातात उरलेलं नसतं. दवाखाना बंद असतो, गोळी मिळाली तरी तिचा असर व्हायला दीड-दोन तास लागतात आणि एकदा थरथरायला लागलेल्या कुत्र्यावर तीच गोळी निम्मीही काम करत नाही. कुत्र्याची दिवाळी कशी जाणार हे पहिला फटाका वाजायच्या आधीच्या दिवसांत ठरतं. त्यात घरी फराळाचे डबे, सुट्टीला आलेली भाचरं, दारातली रांगोळी, अंगणातला किल्ला आणि गावी जायची गडबड. या सगळ्यात त्याचं रोजचं वेळापत्रक कोलमडतं आणि निम्म्या अडचणी तिथूनच येतात.

आवाजाची सवय

तुमचा कुत्रा किती घाबरतो याची चाचणी गणपती विसर्जनातच होऊन जाते. ताशा आणि फटाके वाजत असताना त्याच्याकडे नीट बघा. सारखी जीभ नाकावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, कान मागे चिकटणं, शेपूट पायांत जाणं, आवडती गोष्ट पुढे धरली तरी तोंड फिरवणं, पलंगाखाली जाऊन फरशी खरवडणं. यांतली शेवटची दोन लक्षणं दिसली तर भीती गंभीर आहे असं समजा. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन साधारण साडेसहा आठवडे मिळतात आणि सरावाला तेवढे लागतातच.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. फटाक्यांच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. दोन इमारतींच्या मधल्या बोळात तो आवाज भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा येतो आणि कुठून आला हे कुत्र्याला कळत नाही. भीतीचं मोठं कारण हेच असतं. म्हणून ‘होईल सवय हळूहळू’ म्हणत त्याला गच्चीवर किंवा गॅलरीत नेऊ नका. तशाने सवय होत नाही, भीती पक्की होते.

सराव असा करा. फटाक्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर न वाजवता ब्लूटूथ स्पीकरवर वाजवा. मोबाइलच्या स्पीकरला बॉम्बचा खालच्या पट्टीतला धक्का देता येत नाही. आवाज इतका लहान ठेवा की कुत्र्याचे कान जरा टवकारतील, पण तो खाणं थांबवणार नाही. आधी आवाज आणि मग एका सेकंदात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा, हा क्रम चुकवू नका. तुकडा आधी दिलात तर तुकडा दिसला की आता आवाज होणार, असं त्याच्या डोक्यात बसतं. एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवस तो मजेत राहिला तरच आवाज एक पायरी वाढवा. खाणं थांबलं तर तुम्ही घाई केली आहे. दोन पायऱ्या खाली या.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असेल तर हा सराव सुरू करू नका, अर्धवट सरावाने कुत्रा जास्तच सावध होतो. त्याऐवजी बाहेर जो खरा आवाज होईल, त्या प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ द्या, किंवा त्याचा आवडता चेंडू काढून खेळायला लागा. साधा उपाय आहे, पण घरातल्या सगळ्यांनी पाळला तर चांगला चालतो.

आणि एक गैरसमज. ‘घाबरला की जवळ घेऊ नका, लाडावतो आणि जास्त घाबरतो’ असं हमखास सांगितलं जातं. भीती ही भावना आहे, कुरवाळल्याने तिला बक्षीस मिळत नाही. तो आपणहून जवळ आला तर खुशाल जवळ घ्या. लपून बसला असेल तर ओढून बाहेर काढू नका.

औषधाचं आधी ठरवा

ज्या कुत्र्यांची भीती गंभीर आहे त्यांना सरावासोबत औषध लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. दसरा झाला की डॉक्टरांकडे जा. लक्ष्मीपूजनाला तेव्हा वीस दिवस असतात. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यांसारखी औषधं वजन, वय, यकृत आणि हृदय बघून दिली जातात, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याचा डोस आपल्याला चालत नाही. एका गोष्टीचा आग्रह धरा: पहिला डोस फटाके नसलेल्या दिवशी, घरी कुणीतरी असताना देऊन बघायचा. काही कुत्रे गोळीने शांत होण्याऐवजी उलट सैरभैर होतात, आणि हे सणाच्या संध्याकाळी कळून उपयोग नाही. एसप्रोमाझिन नावाची जुनी गोळी एकटीच दिली जात असेल तर डॉक्टरांशी बोला. ती शरीर ढिलं करते, भीती कमी करत नाही. कुत्रा पडून राहतो आणि आपल्याला वाटतं तो निवांत आहे.

माणसांची झोपेची गोळी, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीच्या तर जिवावर बेततं.

लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या तिन्ही दिवशी कुठला दवाखाना किती ते किती उघडा आहे हे आधीच विचारून फ्रिजवर लिहून लावा. ज्यांचं उत्तर ‘फोन करून बघा’ असं येईल, त्यांच्या जोडीला दुसरा क्रमांक हवाच.

लपायची जागा

रस्त्याकडे खिडकी नसलेली मधली खोली सर्वांत चांगली. वन बीएचके असेल तर कपाट आणि पलंग यांच्यामधला कोपरा चालतो. जेवणाच्या टेबलावर गोधडी किंवा जाड सतरंजी तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडा, एक बाजू उघडी ठेवा, आत त्याचं अंथरूण आणि तुमचा न धुतलेला टी-शर्ट. दार कधीही कडी लावून बंद करू नका, कोंडलेला कुत्रा दार खरवडून नखं रक्ताळून घेतो. बऱ्याच कुत्र्यांना न्हाणीघर आवडतं, ते चालेल. मात्र डक्टची खिडकी असेल तर आधी एकदा आत बसून ऐका. काही इमारतींत रस्त्यावरचा सगळा आवाज डक्टमधूनच वर येतो.

पडदे ओढा, कारण आवाजाआधी येणारा उजेडाचा झोतही त्याला कळतो. पंखा फुल, टीव्ही नेहमीच्या आवाजात. आठवडाभर आधीपासून रात्रीचं जेवण त्याच जागी द्या. ऐन वेळी नवी जागा दाखवली तर तो तिथे जाणारच नाही.

साफसफाई आणि फराळ

माळा काढायला घेतला की गेल्या वर्षीचं उंदराचं औषध, कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या आणि जुन्या औषधांच्या पट्ट्या खाली येतात. लहान कुत्र्याला डांबराची एक गोळीही धोक्याची असते. माळ्यावरचं सामान खाली असेपर्यंत कुत्रा त्या खोलीत नको. फिनाइलने पुसलेली फरशी पूर्ण वाळल्यावरच त्याला आत सोडा, आणि घरात मांजर असेल तर फिनाइल वापरूच नका. पूजेच्या कापराची डबी वरच्या फळीवर ठेवा, कापूर दोघांनाही विषारी असतो. उटणं आणि सुगंधी तेल त्याच्या अंगाला लावू नका, तो ते चाटून काढणार.

फराळातला सर्वांत मोठा धोका बेदाण्यांचा आहे, आणि रव्याच्या लाडवावर बोटाने दाबून बसवलेला तो एक बेदाणा कुणाच्या लक्षातही येत नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून सुरक्षित असं प्रमाणच नाही. पहिल्या २४ तासांत उलट्या, मग मलूलपणा, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते. चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसूण तांबड्या पेशी फोडतात. याचा त्रास काही दिवसांनी दिसतो आणि तोवर चिवडा कुणाच्या ध्यानात नसतो. भेट आलेल्या खोक्यांतलं चॉकलेट: १० किलोच्या कुत्र्याला ४० ग्रॅम डार्क किंवा १०० ग्रॅमच्या आसपास मिल्क चॉकलेट झालं की अस्वस्थपणा, उलट्या, धडधड सुरू होऊ शकते. ‘शुगर फ्री’ मिठाईच्या खोक्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. ते अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली आणतं.

चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू यांत विष नाही, पण तूप-तेल आहे. एकदम खूप चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते, लठ्ठ आणि वयस्क कुत्र्यांना जास्त. एक-दोन दिवसांनी वारंवार उलट्या, जेवण बंद आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर काढून उभं राहणं, हे दिसलं की दवाखाना गाठा. ‘आपोआप बरं होईल’ या आशेवर रात्र काढू नका.

चुकीचं काही खाल्लंच तर वेष्टन सोबत घ्या, किती वाजता आणि किती खाल्लं ते लिहा आणि निघा. उलटी करवायची असेल तर पहिल्या दोन तासांत, आणि ती डॉक्टरांनी करवायची. मिठाचं पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम वाढून ते दुसरं संकट होतं.

पाहुण्यांना ‘काही देऊ नका’ सांगून भागत नाही, आजी तर देणारच. म्हणून त्याच्यासाठी वेगळा डबा भरून टेबलावर ठेवा आणि द्यायचं तर यातलंच द्या असं सांगा. एक वाटी नाचणीचं पीठ, म्हणजे साधारण १२० ग्रॅम, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि एक अंडं. मीठ, साखर, गूळ, जायफळ काही नाही. पीठ सैल वाटलं तर चमचाभर नाचणी आणखी घाला. अर्धा सेंटीमीटर जाडीची पोळी लाटून २४ तुकडे कापा आणि १७० अंशांवर २५ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू. मधे ओलसर राहिले तर दोन दिवसांत बुरशी येते, तेव्हा गार झाल्यावर कडक झालेत ना हे तोडून बघा. एका तुकड्यात साधारण २० कॅलरी. वरचं खाणं दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन. सकाळीच मोजून तीन तुकडे डब्यात टाका; डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला.

पाहुणे, भाचरं आणि किल्ला

घरात चार दिवस दहा माणसं असली की कुत्र्याची झोप मोडते, आणि न झोपलेला कुत्रा लवकर गुरगुरतो. दुपारी दोन तास त्याच्या जागी कुणीही जायचं नाही हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. मुलांना तीन गोष्टी बजावून सांगा: खाताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही, गळ्यात मिठी मारायची नाही, तो उठून गेला तर मागे जायचं नाही. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलं, अंग ताठ झालं की मुलाला हाक मारून बाजूला बोलवा. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावू नका. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावेल.

दात किंवा नख लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळू नका.

कुत्र्यांना घाबरणारे पाहुणे येणार असतील तर ‘काही करत नाही तो’ या वाक्याचा उपयोग नसतो. दाराची बेल वाजण्याआधी त्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन बसवा. पाहुणे स्थिरावले की पट्टा लावून बाहेर आणा, आणि जवळ जायचं की नाही हे पाहुण्यांनी ठरवू दे.

किल्ला कुत्र्याला भारी आवडतो: ओली माती, पोतं आणि मुलांचा गलका. खणू द्यायचं नसेल तर किल्ल्याच्या बाजूलाच घमेलंभर माती वेगळी ठेवून तिच्यात त्याचा चेंडू पुरा. त्याला खणायला मिळतं आणि मुलांचा बुरूज वाचतो. मावळे मात्र संध्याकाळी मोजून उचला, प्लास्टिकचा शिपाई गिळला तर आतड्यात अडकतो. झेंडूच्या माळेचं फूल खाल्लं तर फार काही होत नाही, पण दोरा पोटात गेला तर शस्त्रक्रियेची वेळ येते, मांजरीच्या बाबतीत जास्तच. रांगोळीवरून चालला तर पंजे पाण्याने धुवा, चाटू देऊ नका.

दोन अवघड दिवस

नरक चतुर्दशीला पहाटे चार-साडेचारपासूनच फटाके सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच घरातले सगळे अभ्यंगस्नानाच्या गडबडीत. आदल्या रात्री शक्य तितक्या उशिरा, साडेअकराच्या सुमारास, त्याला फिरवून आणा. पहाटे अलार्म लावून एकाने त्याच्यापाशी बसायचं. ज्याची अंघोळ शेवटी, त्याचा नंबर पहिला. पायाने चिरडलेलं कारीट लगेच झाडून टाका. ते इतकं कडू असतं की चाटल्यावर उलट्या होतात. बाहेर न्यायचं ते आठनंतर.

लक्ष्मीपूजनाचा दिवस असा आखा. सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त फिरवा, त्यात पळवण्यापेक्षा हुंगू द्या. हुंगण्याने तो जास्त दमतो. दुपारी झोप. साडेचारला जेवण, कारण सातनंतर तो बहुधा तोंड लावणार नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी, म्हणजे बहुधा साडेपाचच्या सुमारास, आवाज सुरू होण्याआधी. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा शी-शूचा फेरा पाच-सव्वापाचला उरकून घ्या. फिरवताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन्हींना पट्टे. दचकून मागे खेचणारा कुत्रा सैल गळपट्ट्यातून अलगद निसटतो; पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. गळ्यात तुमचा मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला हवाच.

सहानंतर मुख्य दार पूजेच्या निमित्ताने सतत उघडं असतं, आणि दिवाळीत हरवणारे कुत्रे बरेचदा या उघड्या दारातूनच पळतात. खोलीच्या दाराशी बाळांसाठी लावतात तशी जाळी किंवा आडवा पाट लावा आणि एका माणसाकडे तेवढंच काम द्या. पाणी भरपूर ठेवा, धापा टाकून शोष पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने दिवाळीला फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० ठेवली, पण आपल्या गल्लीचा अनुभव काय आहे त्यावर वेळ ठरवा. शांत झाल्यावर, बाराच्या पुढे, पुन्हा एकदा दोन पट्ट्यांवर खाली नेऊन आणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघण्याआधी आवार झाडून घ्या. फुलबाज्यांच्या तारा पायात रुततात, न फुटलेल्या फटाक्याची दारू चाटण्यात आली तर विषबाधा होते. पंजा भाजला तर १० ते २० मिनिटं नळाचं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही.

घरात मांजर असेल तर तिला कपाटाच्या वर किंवा खोक्यात बसू द्या, शोधत फिरू नका. मात्र २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा, उपाशी मांजरीचं यकृत लवकर बिघडतं.

गावी न्यायचं की ठेवून जायचं

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीतला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. टू टायर, थ्री टायर, स्लीपर आणि चेअर कारमध्ये कुत्र्याला परवानगी नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा, पण तिथे तासन्‌तास एकटा आणि उकाड्यात. घाबरट किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला तिथे ठेवू नये. पार्सल ऑफिसात तिकीट, ओळखपत्र, लसीकरणाचं कार्ड आणि प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरांचा ताजा दाखला लागतो. सणात तिथे रांग असते, दोन तास आधी पोहोचा.

गाडीने जाताना निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं, दर दोन तासांनी थांबा, आणि हार्नेसला सीटबेल्ट. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत १० मिनिटांत तापमान १० अंशांच्या आसपास चढतं. ‘चहा घेऊन येतो’ म्हणून आत सोडू नका.

गावाकडे पावसानंतरच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून रक्ताचे ताप येतात. गोचिडीची चघळायची गोळी निघायच्या आठवडाभर आधी द्या, आणि रोज संध्याकाळी कान, काख आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतायचं नाही. लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस घेऊन वर्ष झालं असेल तर आधी टोचून घ्या, खाचरातलं साचलेलं पाणी तो पिणारच. कापणीच्या दिवसांत बांधावर पट्टा सोडू नका, घोणस आणि फुरसं तिथेच असतात.

ठेवून जायचं असेल तर बोर्डिंगच्या जागेला दोन प्रश्न विचारा: रात्री माणूस प्रत्यक्ष तिथे झोपतो का, आणि फटाक्यांच्या वेळी कुत्रे पिंजऱ्यात असतात की खोलीत? उत्तर गोलगोल आलं तर दुसरी जागा बघा. दसऱ्याच्या सुमारास एक रात्र ठेवून बघा, केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस किमान आठवडाभर आधी, आणि त्याचं रोजचं खाणं मोजून पुड्या करून द्या; खाणं बदललं की हगवण ठरलेली.

तरीही निसटलाच तर मागे धावू नका, तो आणखी पळतो. पहिला तासभर आपल्याच इमारतीचे जिने, वाहनतळ, गाड्यांच्या खाली आणि मीटरबॉक्सची खोली बघा. बहुतेक घाबरलेले कुत्रे जवळच दडलेले असतात. फोटो आणि क्रमांक सोसायटीच्या, शेजारच्या सोसायटीच्या आणि भागातल्या प्राणिमित्रांच्या ग्रुपवर टाका. रात्री दोननंतर, शांततेत, त्याच वाटेवर त्याचं अंथरूण ठेवून हळू आवाजात हाक मारा.

भाऊबीज झाली म्हणून सगळं आवरून ठेवू नका. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात आणि पुन्हा माळा वाजतात. टेबलावरची गोधडी, जाळी आणि उरलेल्या गोळ्या तोवर जागच्या जागी असू द्या.